उपासाचे वार

नागपुरात "आज माझा उपास आहे" एवढं म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. ताप आहे म्हटलं तर किती आहे ते विचारतील, भूक नाही म्हटलं तर सकाळी काय खाल्लं ते विचारतील आणि वर चार काढे सांगतील. पण उपास म्हटलं की समोरचा माणूस आलूबोंड्याची पुडी मुकाट्याने मागे घेतो आणि दोन शब्द कौतुकाचेही बोलतो. सुजाताला हे एकोणिसाव्या वर्षी कळलं. छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागून तिला आठवडाही झाला नव्हता. बाइंडिंगवरच्या इंदूबाईंनी दुपारी डबा उघडला, पोळीवर भाजी घालून तिच्यापुढे धरली, आणि दुसरं काही सुचेना म्हणून सुजाता बोलून गेली, "नको इंदूबाई, आज सोमवार आहे ना."

सोमवार निभावला. मग गुरुवार आला, शनिवार आला. चतुर्थ्या, एकादश्या तर पंचांगाने आयत्याच मांडून ठेवलेल्या. मालकाच्या नातवाच्या बारशाच्या घुगऱ्या मंगळवारी वाटल्या गेल्या, तर तो मंगळवार गणपतीच्या नावावर गेला. एकदा इंदूबाईंनी मायेने साबुदाण्याची उसळ करून आणली, तेव्हा त्या दिवशीचा उपास निर्जळी करावा लागला. चार वर्षांत सुजाताच्या उपासांनी आठवड्यातले बहुतेक वार खाऊन टाकले, आणि छापखान्यात तिचा मान असा वाढला की मशीनवरचे मोठमोठे बाप्येही तिच्यासमोर तोंडातली शिवी गिळू लागले.

यात गोम एकच होती. सुजाता मेश्राम ही बौद्ध घरातली मुलगी. तिचे वडील रुपराव मिलमध्ये कामाला. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी देव्हाऱ्यातले सगळे देव, त्यांच्या आजीच्या हातचे चांदीचे टाकसुद्धा, फडक्यात बांधून कन्हान नदीत सोडून आले. तेव्हापासून वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना त्यांनीच घ्यायची असा रिवाज पडला होता. शिक्षण चौथी, पण पाली असं म्हणत की शिकलेसवरलेले मान खाली घालून ऐकत. मिलमध्ये ते एक कामगार होते, रविवारी एक तास मात्र ते रुपराव होते. अशा माणसाच्या घरात उपास, नवस, अंगारे यांचं नाव काढायची सोय नव्हती.

आणि खरं विचाराल तर सुजाता उपास करतच नव्हती. ती फक्त खात नव्हती.

ती जन्मली एकोणसाठ साली. दुसऱ्या दिवशी अंगाला तेल लावताना सुईणीच्या लक्षात आलं की पोरीला शी करायला जागाच नाही. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. रुपरावांनी तिला चादरीत गुंडाळून सायकलरिक्षाने मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी पोटावर डाव्या अंगाला वाट काढली, अडीच वर्षांनी दुसरं ऑपरेशन करून आतडं खाली आणलं, नवी जागा केली आणि मग पोटावरचं भोक बुजवलं. त्या काळी असली मुलं बहुतेक जात. ही राहिली. डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना बोलावून बोलावून दाखवली, आणि त्यांना अभिमान वाटला तो खोटा नव्हता. फक्त वाट झाली, वाटेवर दार बसवता आलं नाही. आलेलं कळायचं नाही, कळलं तर थांबवता यायचं नाही.

"मोठी झाली की जमेल," डॉक्टर म्हणाले. दर सहा महिन्यांनी देवकी, म्हणजे सुजाताची आई, तिला दाखवायला न्यायची. "साफ होते ना?" डॉक्टर विचारायचे. "होते जी," देवकी म्हणायची. ते खरंच होतं. दिवसातून दहा वेळा होत होती, फ्रॉकमध्ये होत होती, बाकावर होत होती. पण एवढ्या मोठ्या माणसाने पोर वाचवली, त्याच्या तोंडावर तक्रार कशी करायची? डॉक्टरांनी कागदावर "प्रकृती उत्तम" असं लिहिलं आणि सुजाता सात वर्षांची झाल्यावर यायची गरज नाही म्हणून सांगितलं.

शाळेत ती दाराजवळ शेवटच्या बाकावर एकटी बसायची. मास्तरीण नाकाला रुमाल लावून तिला घरी पाठवायची आणि पोट्टे तिच्यामागे काय ओरडत ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती कातडी सोलवटलेली घेऊन घरी यायची, आई खोबरेल लावून द्यायची, दुसऱ्या दिवशी ती परत जायची. चौदाव्या वर्षी एका नर्सबाईने तिला एनिमाचा डबा कसा वापरायचा ते शिकवलं आणि मग कुठे जगायची एक रीत सापडली. पहाटे पाचला उठायचं, खिळ्याला डबा टांगायचा, कोमट मिठाचं पाणी, तासभर मोरीत बसायचं, सगळं धुऊन काढायचं. मग अंगाला घडीचं कापड बांधायचं आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत पोटात कण जाऊ द्यायचा नाही. कण गेला की पोट जागं होई. पाणीसुद्धा घोटाघोटाने. असं केलं की आठ तास ती इतर माणसांसारखी असायची. मावसबहिणीचं लग्न मौद्याला झालं, ती गेली नाही. नर्सिंगला नंबर लागला होता, पण होस्टेलमध्ये राहायचं होतं, म्हणून तेही सोडलं. छापखाना निवडला कारण तिथे काम उभ्याने असतं, खुर्चीला डाग पडायची भीती नाही, आणि छपाईचे खिळे धुवायच्या रॉकेलचा वास सगळ्या वासांवर बसतो.

कापडं घरात, साडीच्या आड वाळायची. वस्तीत कोणाला पत्ता नव्हता. शाळेतली पोरं पांगली होती, लहानपणीचं लहानपणी विसरलं गेलं होतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," देवकी म्हणायची. आणि कधी कधी, फार चिडली की, दुसरंही म्हणायची: "लोकायनं आपल्याले पिढ्यान् पिढ्या घाण म्हटलं. तुह्या बाबानं पांढरे कपडे घालून ते पुसून काढलं. आता आपल्याच घरात घाण आहे म्हणून सांगू काय मी?"

एक्याऐंशी साली छापखान्यात मधुकर रामटेके येऊ लागला. कन्हानच्या शाळेत मास्तर, तिशीच्या आतला, बुद्धजयंतीची स्मरणिका छापून घ्यायला आलेला. दर शनिवारी प्रुफं घेऊन बसायचा. सुजाताने पहिल्याच दिवशी त्याच्या लेखातल्या सात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका न विचारता दुरुस्त केल्या. मास्तर माणूस, त्याला आधी राग आला, मग त्याने शब्दकोश पाहिला, आणि पुढच्या शनिवारी येऊन म्हणाला, "सातही दुरुस्त्या तुमच्याच बरोबर निघाल्या." तिथून ते सुरू झालं. स्मरणिका छापून झाली, मग त्याने वाचनालयाची पत्रकं काढली, मग पत्रकांची दुरुस्ती काढली. छापखान्यात सगळ्यांना कळलं, शेवटी त्यालाही कळलं. तो सरळ रुपरावांकडे आला आणि मुलगी मागितली. हुंडा नको, बँड नको, पांढरी साडी आणि पंचशील, एवढ्यात लग्न करू म्हणाला.

सुजाताला तो हवा होता, हे आडपडदा न ठेवता सांगायला हवं. तिला वाटे, जगात एक तरी माणूस असा असावा की ज्याच्याजवळ घड्याळ न पाहता बसता येईल. त्याला सांगायचंच हे तिने ठरवलं होतं. देवकीचं म्हणणं, लग्नानंतर हळूच सांग. सुजाता म्हणाली, नाही, आधीच. पण एका शनिवारी मालक समोर होते, दुसऱ्या शनिवारी तो हसत होता म्हणून जीभ रेटली नाही, तिसरा शनिवार असाच गेला. माणूस धीर गोळा करत बसतो तेवढ्यात दुसरं कोणीतरी घाई करतं.

घाई केली ती मधुकरच्या आईने. रंभाबाईंचा एक सिद्धांत होता: मुलगी घरी पाहू नये, घरी सगळ्याच चांगल्या असतात, मुलगी कामावर पाहावी. त्या कोणाला न सांगता कन्हानहून बसने आल्या आणि दुपारी छापखान्यात उभ्या राहिल्या. सुजाता मालकांबरोबर कागदाच्या दुकानी गेली होती. बाइंडिंगवर इंदूबाई एकट्या खळ लावत बसल्या होत्या.

"त्या सुजाताची चौकशी करून राहिली मी. कशी आहे जी पोरगी?"

इंदूबाईंना सोयरीक जुळत असल्याचं माहीत होतं. आपल्या एका शब्दाने पोरीचं भलं होणार म्हणून त्यांनी हात पुसले आणि होतं नव्हतं ते सगळं पुण्य तिच्या पदरात घातलं. "सोनं आहे जी, सोनं! सोमवार, गुरुवार, शनिवार, एक उपास चुकत नाही. चतुर्थी वेगळी, एकादशी वेगळी. पाणीही नाई पीत काही वेळा. तुमच्यातली असून असं देवाचं करते, आमच्या पोरींना येणार नाही जी!"

रंभाबाईंनी पदर सावरला. चहाही न घेता त्या परतीच्या बसला लागल्या. इंदूबाईंनी संध्याकाळी सुजाताला आनंदाने सांगितलं, "तुही सासू येऊन गेली वं. मी अशी तारीफ केली तुही!" काय तारीफ केली तेही सांगितलं. सुजाताच्या हातातली खिळ्यांची पट्टी जमिनीवर पडली आणि दीड पान मजकूर विखुरला.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर सगळे रुपरावांच्या घरी आले: मधुकर, रंभाबाई, आणि विहाराचे सचिव महादेवराव. महादेव हे नाव बापाने ठेवलेलं, बदलायचं राहून गेलं. पण देवांचा असा हाडवैरी उभ्या वस्तीत दुसरा नव्हता. छप्पन साली नदीवर रुपरावांच्या खांद्याला खांदा लावून तेच गेले होते. दुष्ट माणूस नव्हता. ज्या गोष्टीसाठी त्यांनी भाऊबंद तोडले, गाव सोडलं, तिची चेष्टा झालेली त्यांना सहन होत नव्हती, एवढंच.

"पोरी," ते म्हणाले, "तुले मी एवढीशी असल्यापासून पाहून राहिलो. एकच विचारतो. छापखान्यात तू उपास आहे म्हणून सांगते का नाई?"

"सांगते."

"करते?"

"नाही."

"मंग सांगते काहून?"

काहून हा शब्द नागपुरात माणूस दिवसातून चाळीसदा ऐकतो. काहून आला, काहून गेला, काहून हसून राहिला. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं. सुजाताने तोंड उघडलं. आतल्या दाराशी देवकी उभी होती, ती नकळत मान हलवत होती, नाही, नाही. समोर मधुकर पुढे झुकून बसला होता. आपल्याला माफ करता येईल असं काहीतरी ही सांगेल, अशी आशा त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"बोल ना," रंभाबाई म्हणाल्या. "चोरून देव पाळायचे आणि वरून पांढरी साडी नेसायची, असं आमच्या घरी नाई चालत बाई."

"मी सांगतलं होतं तिले," रुपराव म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. ते भिंतीला टेकून बसले होते, आवाज रोजचा, वंदनेचा नव्हे. "पोरगी झाली तेव्हा वाचत नव्हती. डॉक्टरनं हात टेकले होते. मी दवाखान्यामागे जाऊन नवस बोललो शंकराले. पोरगी वाचू दे, तिच्याकडून सोमवार करवीन म्हटलं. ती वाचली. मंग मीच लावलं तिले. तिचा काही दोष नाई."

"रुपराव!" महादेवरावांचा आवाज चिरकला. "माह्यासमोर तू देव नदीत टाकले गा. मी पाहिले आहे या डोळ्यांनी!"

"एक ठेवला होता," रुपराव म्हणाले.

हे सगळं खोटं होतं. डॉक्टरांनी हात टेकले नव्हते, दवाखान्यामागे कोणी गेलं नव्हतं, आणि नदीत टाकताना रुपरावांनी फडकंसुद्धा परत आणलं नव्हतं. सुजाताला ठाऊक होतं, देवकीला ठाऊक होतं. दोघींपैकी एकीनेही तोंड उघडलं नाही. महादेवराव उठले. जयभीम न करता कोणाच्या घरून निघायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी.

निकाल दोन दिवसांत लागला. रुपरावांनी यापुढे वंदना घेऊ नये, समितीतही बसू नये. सुजाता निर्दोष ठरली. तिने विहारात पुन्हा त्रिशरण घ्यावं, मग लग्नाला रंभाबाईंची हरकत नाही. फक्त लग्नात बापाने पुढे पुढे करू नये. मधुकर स्वतः येऊन सांगून गेला. त्याच्या मनावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. "तुमची चूक नव्हती, मला वाटलंच होतं," तो सुजाताला म्हणाला.

म्हणजे बापाने दिलं ते फुकट गेलं नव्हतं. अब्रू विकून त्याने लेकीची अब्रू सोडवून आणली होती. सुजाताने आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात ती तरबेज होती. पण मिलमधली माणसं रुपरावांना "काय शंकरबाप्पा" म्हणून हाका मारू लागली. नात्यातले घरी यायचे थांबले. गुरुवारी ती कामावरून आली तेव्हा ते अंगणात सायकल पुसत होते आणि ओठातल्या ओठात वंदना म्हणत होते, पायडलच्या तालावर. तिला पाहून थांबले, आणि पुसलेलाच भाग परत पुसू लागले.

"मी सांगून येते त्यांना," सुजाता त्या रात्री जेवताना आईला म्हणाली.

"चूप राह्य," देवकी म्हणाली. "बाबानं जीव काढून दिला तुह्यासाठी. तो मातीत घालू नोको."

"आई, जीव त्यांचा गेला. मी कशी जेवू?"

"जेव," देवकी म्हणाली, आणि रडायला लागली.

शनिवारी मधुकर आला तेव्हा सुजाता त्याला मागच्या कागदाच्या खोलीत घेऊन गेली. दार उघडं ठेवलं. रिमांच्या थप्पीला हात टेकून तिने सांगितलं, जन्मापासून आजपर्यंतचं सगळं: पोटावरची वाट, नवी वाट, डबा, कापड, सकाळचा तास, आठ तासांचं घड्याळ. उपास का सांगते ते सांगितलं. बाबांनी नवस केला नव्हता ते सांगितलं. वर्षानुवर्षं कोंडलेलं बोलायला दहा मिनिटंही लागली नाहीत, याचं तिला नवल वाटलं.

मधुकर ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले होते, खरोखर भरले होते, त्यात लबाडी नव्हती. पण ऐकता ऐकता तो एक पाऊल मागे सरला आणि त्याने नाकाने हलकेच श्वास घेतला, एखाद्या भांड्यातलं दूध नासलं का ते पाहावं तसा. दोन वर्षं तो तिच्याजवळ हातभर अंतरावर बसून प्रुफं वाचत होता. त्याला कधी कसला वास आला नव्हता, आणि त्या दिवशीही येण्यासारखं काही नव्हतं. श्वास घेतल्यावर त्याचं त्यालाच कळलं, आणि तो लाल झाला.

"ऑपरेशन होत नाही का आता? मुंबईला?"

"विचारलं आहे. होत नाही."

"आणि मूल...?"

"माहीत नाही," सुजाता म्हणाली. "लग्नाचं तुम्ही ठरवा, मी काही म्हणणार नाही. माझं एकच मागणं आहे. महादेवरावांना तेवढं सांगा की बाबा खोटं बोलले, आणि काहून बोलले. त्यांना एकट्याला सांगा."

"नक्की सांगतो," मधुकर म्हणाला. "उद्या विहारात या. तुमच्या वडिलांनाही आणा." मग दाराकडे वळत म्हणाला, "लग्नाचं... आईशी बोलायला थोडे दिवस लागतील." तो जाताना प्रुफं विसरला.

मधुकरही वाईट माणूस नव्हता, हे सांगून ठेवतो. वाईट असता तर गुपित पोटात ठेवून त्याने गुपचूप दुसरी मुलगी पाहिली असती. पण तो तत्त्वाचा माणूस होता, आणि तत्त्वाचा माणूस दुसऱ्याचं घर जाळूनही उजेड पाडतो. रात्रभर त्याने विचार केला. रुपरावांचा अपमान चारचौघांत झाला, तर त्याची भरपाई एका माणसाच्या कानात कशी करायची? जे चारचौघांत गेलं ते चारचौघांतच परत यायला हवं. त्याला हे इतकं स्वच्छ दिसलं की सुजाताचा "एकट्याला" हा शब्द त्याने कधी ओलांडला ते त्यालाही कळलं नसेल.

रविवारी विहार भरलेला होता. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. सुजाता आणि देवकी बायकांच्या मधोमध बसल्या होत्या, गर्दी एवढी की गुडघ्याला गुडघा लागत होता. रुपराव सगळ्यांच्या मागे, चपलांजवळ बसले होते. रंभाबाई आल्या नव्हत्या. वंदनेआधी मधुकर उभा राहिला आणि म्हणाला की या वस्तीतल्या एका निष्ठावंत माणसावर आपण सगळ्यांनी अन्याय केला आहे.

सुजाताला वाटलं, आता तो बसेल. पण तो बोलत राहिला. नवस खोटा होता म्हणाला. बापाने लेकीचं आजारपण झाकायला तो आळ अंगावर घेतला म्हणाला. मग आजारपण कोणतं ते सांगितलं, मास्तरच्या पद्धतीने, समजेल असं, एक एक पायरी. यात लाजण्यासारखं काही नाही, हा दोष शरीराचा आहे, धम्म आपल्याला करुणा शिकवतो, असंही म्हणाला. देवकीने सुजाताचा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली.

मग महादेवराव उठले. म्हातारा ढसाढसा रडत होता. मागे जाऊन त्यांनी रुपरावांना हाताला धरून उठवलं, पुढे आणलं, सगळ्यांसमोर त्यांच्या पायाला हात लावला. "चुकलो गा," ते म्हणाले. "घे. वंदना तूच घे."

आणि तेवढ्यात इकडे बायका सरकल्या. कोणी नाक मुरडलं नाही, कोणी तोंड फिरवलं नाही. उलट शेजारची "बिचारी वं" म्हणाली, तिच्या पलीकडची पदराने डोळे पुसू लागली, आणि पुसता पुसता दोघी वीतभर बाजूला झाल्या. त्यांना जागा द्यायला त्यांच्या पलीकडच्या सरकल्या. पुढच्या बाईने साडीचा घोळ आपल्याकडे ओढून घेतला. मागचीने लेकराला उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं. मुद्दाम कोणी केलं नसावं. केल्याचं त्यांना संध्याकाळी आठवलंही नसेल.

रुपरावांना पुढून सगळं दिसलं. हे सरकणं त्यांना नवं नव्हतं. मौद्याकडच्या त्यांच्या गावी, शाळेच्या ओसरीवर, बाजारात दुकानापुढे, शिव्या देणारे मोजके होते. बाकीची चांगली माणसं होती, ती नुसती सरकायची. ते मेणबत्तीजवळ उभे होते, सगळे त्यांच्या पहिल्या शब्दाची वाट पाहत होते.

"मास्तर खोटं बोलून राहिले," रुपराव म्हणाले.

"बाबा," सुजाता म्हणाली. तिचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही.

"माही पोरगी चांगली आहे. तिले काही नाई झालं. मले वाचवाले रचलं हे यायनं. नवस मीच केला होता. देव आहे माह्या घरी, अजून आहे. चला, दाखवतो मी तुमाले. चला ना जी!" त्यांनी हात जोडले, पुरुषांच्या बाजूला, मग बायकांच्या बाजूला. "महादेव, तुले माहीत आहे ना गा? सांग ना यायले!"

"बस कर, रुपराव," महादेवराव हळूच म्हणाले. "बस कर आता."

मधुकर खाली पाहत होता. आठ दिवसांपूर्वी रुपरावांनी हेच खोटं भिंतीला टेकून, चार वाक्यांत, आवाज न चढवता सांगितलं होतं आणि उभ्या वस्तीने ते खरं मानलं होतं. आज ते घसा फोडून, हात जोडून तेच सांगत होते, आणि एकाही माणसाचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. लोक मायेने त्यांच्याकडे पाहत राहिले.

शेवटी महादेवरावांनीच वंदना सुरू केली. त्यांच्या आवाजामागे सगळे म्हणू लागले. सुजाताही म्हणू लागली. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून चौघीजणी बसतील एवढी सतरंजी मोकळी होती, आणि उशिरा आलेल्या पाचसहा बायका दाराशी उभ्याच होत्या.